सोमवारपासून काकू येतील

ती. आई-बाबांस,
सा. न.

आधी सांगून टाकते, मग रागवा. सोमवारपासून सकाळच्या स्वयंपाकाला एक काकू येतील. दोन महिन्यांचे पैसे दिलेत. "काहून पैसे खर्च करून राहिली?" हे बाबांचं वाक्य मला इथे पुण्यात ऐकू आलंच.

आई, तुझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवत नाहीये गं. पण बाबांच्या बायपासनंतर त्यांचं पथ्य काट्यावर सांभाळतेस आणि स्वतःची दुपार ओट्यापाशी उभ्याउभ्या चहा-टोस्टवर काढतेस, हे दिवाळीत आठ दिवस पाहिलं. रात्री तीनला स्वयंपाकघरातला दिवा लागलेला. तेव्हा बोलले नाही, ते आजपर्यंत टोचतंय.

खाऊन काळजी मिटत नाही, मलाही कळतं. पण काळजीत शरीर कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, सोडत राहतं, ते फार काळ वर राहिलं की गोड खावंसं वाटतं, झोप मोडते. तुझा हात संत्रा बर्फीच्या डब्याकडे जातो तो नुसता लाड नव्हे. आणि चहा! सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असू शकतं. चारनंतर चहा बंद. बंद म्हणजे बंद.

काकूंना सांगितलंय: दुपारी ज्वारीची भाकरी, पालक किंवा मेथी, वाटीभर दही, आणि जवसाची चटणी. जवसातलं ओमेगा-३ आजकाल लोक गोळ्यांतून घेतात, आपल्याकडे आजीपासून डब्यात आहे. टोस्टऐवजी मूठभर शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया. त्यांत मॅग्नेशियम असतं, नसा-स्नायूंना ते लागतं. संत्री तर दारात आली असतील, अंबिया बहार सुरू आहे. दहावीच्या पेपरांना तू एकेक फोड रेषा काढून भरवायचीस, आठवतं? आता स्वतःसाठी सोल. रेषा राहू दे, त्यात फायबर असतं.

बाबा, मीठ कमीच येईल, वरून घ्यायचं नाही. आणि आईचं ताट वाढल्याशिवाय तुम्ही पहिला घास घ्यायचा नाही. एवढी एकच ड्यूटी.

गोळाभात काकू करणार नाहीत, तो तुझाच. आणि तुझं पोळपाट-लाटणं त्यांना द्यायचं नसेल तर माळ्यावर दुसरं आहे, डाव्या कोपऱ्यात, जुन्या कुकरच्या मागे.

तुमची,
छोटी