थाप आधी, हात नंतर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

राजापूर तालुक्यातील खाडीकाठच्या आमच्या गावच्या वाचनालयाला गेल्या गणपतीत मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याने मोठा फोर-के मॉनिटर भेट दिला. तो आम्ही वाचनालयातील २०१४ साली घेतलेल्या संगणकाला जोडला आणि शिमग्यात मोबाइलवर टिपलेले आमच्या वाडीचे नमन, म्हणजे मृदंगाच्या साथीने होणारा कोकणातील लोककलेचा खेळ, त्यावर लावले. मृदंगाची थाप आधी ऐकू येत होती आणि वादकाचा हात नंतर पडताना दिसत होता. वाडीतील ज्येष्ठ मृदंगवादक पाच मिनिटांतच उठून गेले. हे पाहून मुले ठेका शिकणार असतील तर न शिकलेलीच बरी, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते रास्तच होते, कारण हात पाहूनच बोल शिकायचा असतो.

तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात चौकशी केली, तेव्हा संगणक जुना झाला आहे, नवा घ्या, एवढेच उत्तर मिळाले. वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयाला तो खर्च झेपणारा नव्हता. पुढे दोन रविवार बसून आम्ही दोष शोधला आणि एक रुपयाही खर्च न करता तो दूर केला. अशीच अडचण किनारपट्टीवरच्या इतर शाळा-वाचनालयांनाही येत असेल, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

फोर-के पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० बिंदू असतात, म्हणजे एकूण सुमारे ८३ लाख. नेहमीच्या फुल एचडी पडद्याच्या हे बरोबर चौपट आहेत. आमच्या संगणकाचे एचडीएमआय, म्हणजे चित्र व आवाज पडद्याकडे नेणारी जोडणी, १.४ या जुन्या प्रतीचे आहे आणि त्यातून फोर-के चित्र सेकंदाला जास्तीत जास्त ३० वेळा जाऊ शकते. ६० वेळा पाठवण्याची सोय २०१३ साली आलेल्या एचडीएमआय २.० मध्ये झाली. मॉनिटर जोडताच विंडोजने आपणहून फोर-के निवडले आणि वेग सेकंदाला ३० चित्रांवर, म्हणजे ३० हर्ट्‌झवर आला. माउसचा बाणसुद्धा अडखळत होता, त्यावरूनच आम्हाला हे लक्षात यायला हवे होते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १,९२० बाय १,०८० (म्हणजे फुल एचडी) आणि ६० हर्ट्‌झ निवडताच बाण सुरळीत फिरू लागला. यात चित्राचे फारसे नुकसान होत नाही, कारण फुल एचडीच्या एका बिंदूसाठी फोर-के पडद्यावरचे चार बिंदू नेमके वापरले जातात.

खरा घोळ मात्र फाइलमध्ये होता. आजचे बरेच मोबाइल जागा वाचवण्यासाठी एचईव्हीसी या पद्धतीने चित्रण दाबून साठवतात. ते उलगडण्याची यंत्रणा आमच्या संगणकाच्या चिपमध्येच नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर पडतो. आवाज उलगडणे हलके काम असल्याने तो वेळेवर वाजत राहतो आणि चित्र धापा टाकत मागून येते. यूट्यूबवरही साधारण असेच घडते. तेथील फोर-के चित्रे व्हीपी-९ किंवा एव्ही-१ या नव्या पद्धतींची असतात आणि जुन्या यंत्राला त्या पेलत नाहीत. तेथे दर्जा १,०८० किंवा ७२० वर आणणे हाच सोपा उपाय आहे. व्हिडिओवर उजवी कळ दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडले, तर किती चित्रे गळत आहेत याचा आकडाच समोर दिसतो. नमनाची फाइल आम्ही हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून एच. २६४ या जुन्या, हलक्या पद्धतीच्या फुल एचडीमध्ये बदलून घेतली. बदलताना चित्रांचा वेग ‘कॉन्स्टंट’ ठेवावा, ही सूचना मी आवर्जून करीन. मोबाइल उजेडाप्रमाणे हा वेग कमी-जास्त करीत असतो आणि अशा फाइलमध्ये कधी कधी सुरुवातीला जुळणारा आवाज शेवटाकडे निसटत जातो. जुन्या संगणकाला या कामासाठी पुष्कळ वेळ लागतो, म्हणून आम्ही ते रात्रभर लावून ठेवले.

एवढे करूनही किंचित फरक उरलाच. मॉनिटर चित्र दाखवण्याआधी ते उजळ व रेखीव करण्यात काही क्षण घालवतो, पण आमचे स्पीकर थेट संगणकाच्या हिरव्या भोकात जोडलेले असल्यामुळे आवाज त्या क्षणांसाठी थांबत नव्हता. स्पीकरची पिन मॉनिटरच्या मागील हेडफोनच्या जागी लावली, विंडोजमध्ये आवाजाचे साधन म्हणून मॉनिटर निवडला आणि मॉनिटरच्या मेनूत चित्र सजवण्याचा वेळ कमी करणारा गेम मोड सुरू केला. आता आवाज आणि चित्र एकाच तारेतून जातात. ब्लूटूथ स्पीकर वापरणाऱ्यांना मात्र उलटा अनुभव येईल, कारण त्यात आवाजच मागे पडतो.

इतका बारीक फरक कोणाला जाणवतो, असे एका स्नेह्याने विचारले. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. खाडीच्या पलीकडे १७० मीटरवर कोणी होडीला ठोकत असेल, तर हातोडा पडलेला दिसतो आणि अर्ध्या सेकंदाने ठोका ऐकू येतो. उशिरा येणाऱ्या आवाजाची सवय आपल्याला निसर्गानेच लावली आहे, पण हातोडा पडण्याआधी ठोका कोणी कधी ऐकलेला नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीतही हेच दिसते. तिच्यानुसार आवाज १२५ मिलिसेकंद मागे राहिला तर फरक कळू लागतो, पण तो पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच कळतो. मग आयुष्यभर मृदंग वाजवलेल्या माणसाला तो का कळू नये?

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी आधी मोबाइलवर पाच मिनिटांचे चित्रण करावे आणि त्याच्या सुरुवातीला व शेवटी टाळी वाजवावी, मग ते संगणकावर लावून पाहावे. दोन्ही टाळ्यांना फरक सारखाच असेल, तर जोडणीत किंवा सेटिंगमध्ये शोध घ्यावा. शेवटच्या टाळीला तो वाढलेला असेल, तर फाइल किंवा संगणकावरचा भार तपासावा. फरक कायम राहणारा असेल, तर व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘के’ कळ एकदा दाबल्याने आवाज ५० मिलिसेकंद मागे जातो आणि ‘जे’ दाबल्याने तेवढाच पुढे येतो. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत पिनांवर हिरवट थर धरतो आणि पंख्यात धूळ चिकटून संगणक तापतो व मंदावतो, त्यामुळे पावसाळ्यानंतर एकदा साफसफाई करावीच.

गावाला यंत्रे भेट देणाऱ्या सर्व चाकरमान्यांना माझी विनंती आहे की, मॉनिटर घेण्याआधी गावच्या संगणकाचे वय आणि त्याच्या मागील जोडण्यांचा फोटो मागवून घ्यावा. दुकानदारांनीही नवा संगणक सुचवण्याआधी डिस्प्लेचे सेटिंग उघडून पाहावे. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

आमचे मृदंगवादक मागच्या आठवड्यात पुन्हा आले आणि पूर्ण नमन पाहून गेले. एका जागी ठेका चुकला असल्याचे त्यांनी दाखवले, पण ती चूक वाजवणाऱ्याची होती.

आपला नम्र,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता
ता. राजापूर, जि. रत्नागिरी