ऐरोलीच्या आमच्या झेरॉक्सवाल्या दादांना थँक्यू

दादा नमस्कार,

आधार, पॅन, लाइट बिल, पोरांचे कॉलेजचे फॉर्म, तुमच्या दुकानात सकाळपासून रांग असते, तरी तुम्ही मला जेवढं समजावलंत तेवढं घरात कोणी समजावलं नाही. घरचे काय करतात, "आण इकडे मोबाईल" म्हणतात, टकाटक कुठे कुठे दाबतात आणि परत हातात देतात, झालं म्हणे. काय झालं ते विचारायची सोय नाही. तुम्ही मोबाईल माझ्याच हातात ठेवलात, म्हणालात ताई तुम्हीच दाबा, मी फक्त कशाला काय म्हणतात ते सांगतो. थँक्यू त्यासाठी.

वायफाय फुल्ल दाखवतंय आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरतोय, हे मला कधी कळायचंच नाही. तुम्ही म्हणालात, वायफाय म्हणजे घरातला नळ आणि इंटरनेट म्हणजे टाकीतलं पाणी, नळ ठणठणीत असला तरी टाकी रिकामी असू शकते ना. मग वायफायच्या डब्यावरचे, म्हणजे राउटरवरचे दिवे शिकवलेत, एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकला की बाहेरून येणाऱ्या फायबरच्या वायरमधून सिग्नलच येत नाहीये, डबा कितीही बंद-चालू करा, उपयोग नाही. गेल्या पावसाळ्यात नेट गेलं, फोन केला तर नेहमीचंच, "मॅडम राउटर रिस्टार्ट करा". मी म्हटलं करून झालंय, पॉवर हिरवा आहे, एलओएस लाल आहे, माणूस पाठवा. पलीकडचा मुलगा गप्पच झाला जरा. संध्याकाळी माणूस आला, जिन्यातली वायर मुडपली होती ती नीट केली, अर्ध्या तासात नेट चालू. आमचे हे बघतच राहिले!

नेटच्या शंभर स्पीडच्या प्लॅनमध्ये डाउनलोड बाराच्या पुढे का जात नाही, हे तुम्ही खराब झेरॉक्सच्या मागे लिहून दाखवलंत. कंपनी सांगते ते मेगाबिट, मोबाईल दाखवतो ते मेगाबाइट, 8 बिटचा 1 बाइट, म्हणून 100 भागिले 8, साडेबारा. म्हणजे फसवणूक नाहीये, पण जाहिरातीत मोठा आकडाच का छापतात ते न सांगताही कळतं.

क्लाउडचं तर मला हसूच आलं. मला वाटायचं फोटो वर कुठेतरी हवेत असतात. तुम्ही म्हणालात हवेत काही नाही ताई, रबाळे-महापेला त्या मोठ्या मोठ्या बिल्डिंगा दिसतात ना, डेटा सेंटर, तसल्याच बिल्डिंगांमध्ये कुठेतरी मशीनवर असतात, आपल्याच इथे असतील असं नाही. आता ठाणे-बेलापूर रोडवरनं जाताना मी बहिणीला बोट करून दाखवते. आणि दुसरं सांगितलंत ते जास्त कामाचं, गुगल फोटोजमधून फोटो उडवला की तो क्लाउडवरनंही जातो, बॅकअप घेतलेला असेल तर 60 दिवस ट्रॅशमध्ये सापडतो, नंतर विसरा. बहिणीच्या नातवाच्या बारशाचे फोटो तिथूनच काढले आम्ही.

कॅशे, कुकी हे अजून थोडं डोक्यावरनं जातं, खोटं कशाला बोलू. ब्राउझरमधलं इनकॉग्निटो मात्र समजलं, आपल्या फोनमध्ये हिस्टरी राहत नाही एवढंच, नेट देणाऱ्या कंपनीपासून काही लपत नाही. भाच्याला हे सांगितलं तर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आणि साइटच्या पत्त्याशेजारी दिसतं ते कुलूप. मला वाटायचं कुलूप दिसलं की साइट खरी. तुम्ही सांगितलंत, कुलूप म्हणजे वाटेत कोणी वाचू शकत नाही, पण पलीकडे चोर बसलेला असू शकतो. लिंकमध्ये डॉट कॉमच्या लगेच आधी काय आहे ते बघायचं, बँकेचं नाव सुरुवातीला असेल आणि डॉट कॉमच्या आधी केवायसी-अपडेट असलं काहीतरी असेल तर ती बँक नव्हेच. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, आणि गेलेच पैसे तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन, हे मी आमच्या भिशीतल्या सगळ्या बायकांना लिहून दिलंय, दोघींनी फ्रिजवर चिकटवलंय.

आता एवढं झालंय तर व्हीपीएन पण सांगून टाका. दुपारी तीननंतर गर्दी कमी असते तेव्हा येते, आणि त्या दिवशीच्या प्रिंटचे पैसे घ्यायचे राहिलेत, ते या वेळी मुकाट्याने घ्या.

तुमची,
बी विंगमधली ताई