मुंग्या कुठल्या बोटांत येतात ते आधी बघ

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

दोन दिवस सलग भिंती घासून, हात वर धरून रंग दिलास आणि आता हातात चमका येतात, रात्री मुंग्यांनी जाग येते म्हणालीस. नुसता स्नायू दुखावला असता तर दाबल्यावर ठणकला असता आणि चार-पाच दिवसांत निवला असता. जळजळ, करंट लागल्यासारखी कळ, बधिरपणा ही नसेची लक्षणं आहेत. तिचे उपचार वेगळे.

आज रात्री जाग आली की मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांत आहेत ते लिहून ठेव. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची त्याच बाजूची कड असेल, तर नस बहुधा मनगटात दबते आहे. करंगळी आणि अनामिकेची दुसरी कड असेल, तर कोपराच्या आतल्या बाजूला. मान मागे करून दुखऱ्या बाजूला कलती केल्यावर कळ हातात उतरत असेल आणि हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटत असेल, तर मूळ मानेत आहे. तेव्हा मनगटाला कितीही पट्टे बांधलेस तरी उपयोग नाही.

हात ताणून धरू नकोस. दुखतंय म्हणून बोटं मागे खेचून तीस सेकंद धरायची, हे सगळेच करतात, आणि त्यानेच दुखणं लांबतं. ताणलेल्या नसेचा रक्तपुरवठा कमी होतो, चिडलेली नस आणखी चिडते. दुखऱ्या जागी जोरात चोळणंही नको.

खरा फरक रात्री पडतो, कारण झोपेत आपण मनगट आणि कोपर मुडपून घेतो. मनगटासाठी स्प्लिंट, म्हणजे मनगट वाकू न देणारा आधारपट्टा, आण, पण आतली पट्टी तपास. बऱ्याच स्प्लिंटमध्ये ती हात वर उचलला जाईल अशी वाकवलेली असते. ती काढून सरळ कर. मनगट सरळ असतं तेव्हाच आतला दाब सर्वांत कमी असतो. पट्टा सैल ठेव. रोज रात्री, चार ते सहा आठवडे. कोपराची तक्रार असेल तर मोठा टॉवेल कोपराभोवती गुंडाळून सैलसर चिकटपट्टी लाव, म्हणजे हात पूर्ण दुमडणार नाही. मग फोनही कानाला धरून तासभर बोलू नकोस आणि टेबलाच्या कडेवर कोपर टेकू नकोस.

हात झोळीत अडकवून ठेवायचा नाही, हलता ठेवायचा. चमका कमी झाल्या की मनगटाच्या नसेसाठी हे कर: मूठ वळ, मनगट सरळ; बोटं उघड; मनगट हळूच मागे ने; मग अंगठा बाहेर काढ. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद, अशा पाच फेऱ्या, दिवसातून दोनदा. नेफ्यातून नाडी सरकवावी तशी नस सरकवायची, खेचायची नाही. थांबल्यावरही मुंग्या रेंगाळल्या तर निम्मं कर.

आयबुप्रोफेन सूज उतरवायला काही दिवस चालेल, जेवणानंतर. पित्त, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल तर नको. मुंग्या त्याने जात नाहीत. आणि नसांसाठी म्हणून बी-६ जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेच्या गोळ्या महिनोन् महिने घेऊ नकोस. त्यानेच नसांना इजा होते.

दुखणं थांबलं पण बोट बधिरच राहिलं, तर ते बरं होणं नव्हे. हातातून वस्तू पडू लागल्या, अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग चपटा दिसू लागला, किंवा तीन आठवड्यांत काहीच उतार नसला, तर डॉक्टरांकडे जा. मधुमेह, थायरॉईड आणि बी-१२ तपासायला सांग. दोन्ही हात अडखळू लागले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर एक दिवसही थांबू नकोस. छातीत दाब, घाम, अचानक एका बाजूची ताकद जाणं किंवा बोबडी वळणं असेल, तर ते या दुखण्यातलं नाही, लगेच रुग्णवाहिका बोलाव.

उरलेला रंग पंधरवड्यानंतर काढ. जाड मुठीचा, लांब दांड्याचा रोलर घे, वीस मिनिटं काम की पाच मिनिटं हात खाली. नस उशिरा बोलते, म्हणून वेळ वाढवायची की नाही ते दुसऱ्या दिवशी सकाळी ठरव.

तुझी आई