घरी सोडताना बाईशीही बोला

संपादक महोदय,

माझ्या हृदयाची एक झडप, मायट्रल व्हॉल्व्ह, बदलून सात महिने झाले. नवा व्हॉल्व्ह धातूचा आहे. रात्री निजानीज झाली की त्याची टिकटिक मला ऐकू येते. ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. मला लिहायचं आहे ते घरी सोडलं त्या दिवसाबद्दल.

डिस्चार्ज कार्ड नवऱ्याच्या हातात दिलं. समजावलं तेही त्यालाच, मी शेजारी बसलेली असताना. 'यांना जड उचलू देऊ नका.' जड म्हणजे किती? छातीचं हाड नीट सांधायला दोन-तीन महिने लागतात, तोवर चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नसतं, हे मला पुढे फिजिओथेरपिस्टने सांगितलं. तोपर्यंत भरलेली बादली दोनदा उचलून झाली होती. आणि धाकटा अकरा किलोंचा आहे. तो हात पसरून आला की काय करायचं, हे कार्डावर कुठे असतं?

खरी घाबरले ते तेराव्या दिवशी, पाळी आल्यावर. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून वॉरफेरिनची गोळी चालू होती. तासाला पॅड बदलत होते, गाठी पडत होत्या. गोळी घ्यावी तर हे असं, बंद करावी तर व्हॉल्व्हवर गुठळी होण्याची भीती. सकाळी तपासलं तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, ४.८; माझा २.५ ते ३.५ हवा. या गोळीवर पाळी जास्त जाऊ शकते, एवढं एक वाक्य आधी कुणी बोललं नव्हतं.

वॉरफेरिनवर असताना दिवस राहिले तर गर्भात व्यंग येऊ शकतं आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो, हेही ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात कळलं. स्तनांच्या भाराने टाके ओढतात, म्हणून पुढून उघडणारी मऊ ब्रा घालावी, हे तर शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी कानात सांगितलं. इतकी साधी गोष्ट!

माझी विनंती एवढीच की, घरी सोडण्याआधी एखाद्या सिस्टरने पंधरा मिनिटं त्या बाईजवळ बसावं. घरात काम कोण करतं, अंगावरचं मूल आहे का, पाळी कशी जाते, हे तिलाच विचारावं. आणि रात्री रक्तस्राव वाढला तर कुणाला फोन करायचा, तो नंबर कार्डावर ठळक लिहावा. माझ्या कार्डावर तो नव्हता. त्या रात्रीनंतर मीच पेनाने लिहून ठेवला.

– एक वाचक