छपाईपूर्वीची पडताळणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या खोट्या संदेशांची शहानिशा करणारे आपले सदर मी आवर्जून वाचते. मात्र अशा सदरांमुळे फॅक्ट-चेकरचे काम खोटी माहिती पसरल्यानंतरच सुरू होते, असा अनेकांचा समज झालेला दिसतो. मी एका मासिकात हे काम करते. तिथे ते मजकूर छपाईला जाण्यापूर्वीच पूर्ण व्हावे लागते. त्यातील ज्या टप्प्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, त्याविषयी हे पत्र आहे.

लेख हाती आला की त्यातील पडताळता येण्याजोगी प्रत्येक गोष्ट आम्ही अधोरेखित करतो: नावे, हुद्दे, तारखा, अंतरे, टक्केवारी आणि ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वांत मोठा’ यांसारखी विशेषणे, जी लिहिताना सहज सुचतात आणि सिद्ध करताना दमवतात. चार वर्तमानपत्रांत एकच आकडा सापडला, तरी चौघांनी तो एकाच बातमीवरून उचलला असेल तर पुरावा एकच मानावा लागतो. म्हणून मूळ अहवालापर्यंत जावे लागते. शेवटी, लेखात ज्यांचा उल्लेख आहे त्यांना दूरध्वनी करून, लेख न दाखवता, त्यांच्या नावावर असलेल्या विधानांतील तपशील बरोबर आहे का, हे विचारले जाते. वेळ अपुरा पडला की नेमका हाच टप्पा वगळला जातो.

तो वगळल्यास काय होते, हे मोठ्या नियतकालिकांनी अनुभवले आहे. ‘द न्यू रिपब्लिक’ या अमेरिकी नियतकालिकाचा लेखक स्टीफन ग्लास पूर्वी तिथेच फॅक्ट-चेकर होता. तपासणी कशी चालते हे ठाऊक असल्याने त्याने आपल्या कल्पित लेखांसाठी बनावट टिपणे तयार केली. ज्या गोष्टीचा दुसरा पुरावा मिळत नसे, तिथे तपासणारे लेखकाच्या टिपणांवरच विसंबत. 1998 मध्ये ‘फोर्ब्स’च्या डिजिटल आवृत्तीच्या पत्रकाराने त्याच्या एका लेखातील संगणक कंपनीचा शोध घेतला, तेव्हा अशी कंपनीच अस्तित्वात नसल्याचे उघड झाले. पुढे 2018 मध्ये जर्मनीतील ‘डेर श्पीगेल’मध्ये क्लास रेलोटियस याचे प्रकरण बाहेर आले. तपासणीचा स्वतंत्र आणि मोठा विभाग असलेले हे साप्ताहिक; तरीही त्याच्या लेखांतील कल्पित प्रसंग या विभागाच्या नजरेतून निसटले. ते उघडकीस आणले हुआन मोरेनो या सहकाऱ्याने. तो अमेरिकेत जाऊन लेखातील माणसांना भेटला आणि रेलोटियस आपल्याला कधी भेटलाच नव्हता, असे त्यांच्याकडूनच त्याने ऐकले.

दोन्ही ठिकाणी तपासणारे लोक हुशार आणि मेहनती होते, याविषयी मला शंका नाही. शहराची लोकसंख्या, रस्त्याचे नाव, घटनेची तारीख अशा गोष्टी टेबलाशी बसून तपासता येतात. पण अमुक माणूस त्या दिवशी तिथे रडला का, हे केवळ तो माणूस किंवा तिथे हजर असलेली दुसरी व्यक्तीच सांगू शकते. वाचकाच्या मनाला सर्वाधिक भिडणारा भाग बहुधा हाच असतो आणि तोच सर्वांत कमी तपासला जातो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

अशा विचारपुशीने आपल्यावर अविश्वास दाखवला जातो, असे काही लेखकांना वाटते. त्यांची भावना मी समजू शकते, कारण महिनोन्‌महिने खपून लिहिलेल्या लेखावर परक्याने खुणा केलेल्या पाहणे सोपे नसते. परंतु प्रामाणिक लेखकाचीही स्मृती फसते, टिपणातला अंक उलटा वाचला जातो, आणि वाचकाचे पत्र येण्याआधी ही चूक सापडली तर लेखकाचीच अब्रू वाचते. सूत्राचे नाव गुप्त ठेवण्याचे वचन दिलेले असेल, तर अर्थातच वेगळी काळजी घ्यावी लागते. तिथे संपादकाने स्वतः सूत्राची खातरजमा करावी.

आपल्या पुरवणीत येणारे दीर्घ वृत्तान्त मला मनापासून आवडतात, म्हणूनच ही विनंती. लेखासोबत त्यातील व्यक्तींचे संपर्क क्रमांक व मूळ कागदपत्रे मागवावीत, लेखकाव्यतिरिक्त अन्य कुणीतरी त्या व्यक्तींशी बोलावे आणि शंका फिटेपर्यंत लेख पुढच्या आठवड्यावर टाकण्याचा अधिकार त्या तपासणाऱ्याला द्यावा.

आपली विश्वासू,
एक वाचक