माळ्यावरची रॅम वाचनालयाला द्या

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयातली देवघेव गेल्या दिवाळीपासून संगणकावर होते. कपाटाशेजारी ठेवलेल्या, १ जीबी रॅमच्या (रॅम म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती स्मृती) जुन्या संगणकावर मारियाडीबी हा मुक्त डेटाबेस सर्व्हर, म्हणजे नोंदी सांभाळणारा प्रोग्रॅम, चालतो. सभासद, पुस्तके, देय तारखा, सारे त्यातच.

एवढ्याशा रॅमवर सर्व्हर कसा चालतो, असे अनेक जण विचारतात. चालतो, पण अंथरूण पाहून पाय पसरावे लागतात. मारियाडीबी मुळात एका वेळी १५१ जोडण्यांना परवानगी देतो. आपल्याकडे देवघेवीचे टेबल एक, पुस्तक शोधायचा संगणक एक, म्हणून आम्ही मर्यादा १० वर आणली. बफर पूल, म्हणजे डेटाबेस नोंदी हाताशी ठेवायला वापरतो तो रॅमचा भाग, १२८ एमबीचा ६४ केला. सर्व्हरवरचा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-चित्रे दाखवणारा प्रोग्रॅम, काढून टाकला, त्याने सर्वांत जास्त रॅम मोकळी झाली. तरीही शनिवारी संध्याकाळी गर्दी झाली की रॅम संपते, संगणक स्वॅपसाठी, म्हणजे रॅममध्ये न मावणारे ठेवायला, संथ हार्डडिस्ककडे धावतो आणि एका नोंदीला मिनिट लागते. बालविभागातली मुले रांगेत ताटकळतात, हे पाहवत नाही.

पावसाळ्यात वीज गेली तेव्हा डेटाबेसने आपल्या लॉगवरून, म्हणजे बदलांच्या टिपणावरून, स्वतःला सावरले. पुढे मात्र डिस्कच खराब झाली. शेवटचा बॅकअप आठ दिवसांपूर्वीचा होता. त्या आठ दिवसांतली देवघेव ग्रंथपालबाईंनी सभासदांना एकेक करून विचारत पुन्हा लिहून काढली. आता रोज रात्री बॅकअप होतो, पण तोही त्याच संगणकात पडून राहतो. ही आमची सर्वांत मोठी काळजी आहे.

नवा संगणक नको. या संगणकाच्या मदरबोर्डला (मुख्य सर्किट पट्टीला) डीडीआर२ या जुन्या प्रकारची रॅम लागते. ती आता नवी सहजी मिळत नाही, पण तुमच्या माळ्यावरच्या बंद संगणकात नक्की असेल. लॅपटॉपची चालणार नाही, डेस्कटॉपचीच हवी. त्याशिवाय एक लहान एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान साठवण), वीज गेल्यावर सर्व्हर नीट बंद करण्यापुरती दहा मिनिटे देणारा यूपीएस आणि बॅकअप घरी नेता येईल अशा दोन बाह्य डिस्क हव्यात. रोख देणगीची पावती लगेच मिळेल.

आणि माणसे हवीत. दाखल नोंदवहीतली निम्मी पुस्तके अजून संगणकात चढलेली नाहीत. जुन्या पानांवरची शाई पुसट झाली आहे. मराठी युनिकोडमध्ये टंकलेखन येणाऱ्यांनी आठवड्यातून दोन तास दिले तरी मोठे काम होईल. वाचनालय उघडे असताना ग्रंथपालबाईंकडे नाव नोंदवा. रॅम आणताना ती प्लास्टिकच्या पिशवीत नको, कोऱ्या कागदात गुंडाळून आणा.

आपले,
कार्यकारी मंडळ