बांगडे ओळीत मांडून शिकवणाऱ्या बाईंना

ती. स्व. बाईंना,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही मुलाकडे ठाण्याला गेलात त्याला आता चार महिने होतील. फोनवर तब्येतीच्या चौकशीपुढे माझं काही जात नाही, आणि आभार तर तोंडाने मानवतच नाहीत. म्हणून लिहिते. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण तारकर्ली-देवबागला माझ्यासारख्या खोल्या आणि जेवण देणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. पाहुण्यांशी इंग्रजीत तुलना करून बोलताना त्यांचंही माझ्यासारखंच अडतं.

चेन्नईच्या पाहुण्या बाईंनी विचारलं होतं, बांगडा घेऊ की सुरमई? मी म्हटलं, ‘बांगडा इज मोअर चीपर, बट सुरमई इज मोअर गुड.’ त्यांना कळलं, पण त्यांचा लहान मुलगा तोंड दाबून हसला. मला ते फार लागलं. संध्याकाळी तुमच्या पडवीत येऊन रडले. तुम्ही समजूत घातली नाहीत. म्हणालात, ‘उद्या रापणीचे तीन बांगडे आण गो. एकासारखो एक नको.’

दुसऱ्या दिवशी केळीच्या पानावर ते तिन्ही ओळीत मांडलेत. बिग, बिगर, बिगेस्ट. दोघांची तुलना असेल तर अर, दोनाहून जास्त असतील तर एस्ट, आणि एस्टच्या आधी ‘द’. मग माझी चूक कुठून आली ते सांगितलंत. मराठीत ‘सुरमई बांगड्यापेक्षा महाग’ म्हणताना ‘महाग’ जागचा हलत नाही, सगळं ओझं ‘पेक्षा’ उचलतो. इंग्रजीत ‘दॅन’ येतो, पण विशेषणालाही बदलावं लागतं. आपण ‘जास्त स्वस्त’ म्हणतो, तेच मी तिकडे नेलं. ‘चीपर’च्या पोटात ‘मोअर’ आधीच आहे हे मला ठाऊक नव्हतं. शाळेत याच चुकीसाठी मी छडी खाल्ली होती, पण ती का होते ते कुणी सांगितलं नव्हतं. बाई, माझ्या चुकीला कारण आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

शब्द तोडून म्हणायचा आणि प्रत्येक तुकड्याला एक टाळी, हा टाळ्यांचा धडा तर आता माझी मुलगी वाडीतल्या पोरांना देते. ‘फ्रेश’ एक टाळी, म्हणून ‘फ्रेशर’. ‘टेस्टी’ दोन टाळ्या, पण शेवटी वाय, म्हणून वायचा आय करून ‘टेस्टिअर’. ‘एक्स्पेन्सिव्ह’ तीन टाळ्या, तिथे शब्दाला हात लावायचा नाही, पुढे ‘मोअर’ ठेवायचं. दोन टाळ्यांचे काही शब्द दोन्हीकडे चालतात, ‘सिंपल’सारखे. ‘गुड, बेटर, बेस्ट’ आणि ‘बॅड, वर्स, वर्स्ट’ मात्र पाढ्यासारखे पाठ करून घेतलेत. ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’ हे लॅटिनमधून आलेले, त्यांना ‘दॅन’ नाही, ‘टू’ लागतो. त्यामुळे दिरांच्या अर्जातली एक चूक टळली.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती आमच्या पाटीची गोष्ट. ‘स्वादिष्ट मालवणी जेवण’ या अक्षरांवर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, एस्ट तुझ्या दारातच लिहिलेला आहे. संस्कृतात हा शब्द ‘स्वादिष्ठ’, ठ असलेला. ‘स्वादु’ म्हणजे गोड आणि ‘स्वादिष्ठ’ म्हणजे सगळ्यात गोड. इंग्रजीतला ‘स्वीटेस्ट’ त्याचाच लांबचा भाऊ, शब्दही एका मुळाचा आणि शेपूटही. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, सगळ्यांत तोच ‘इष्ठ’. लघुतम आणि महत्तमातला ‘तम’ही त्याच कामाचा. गणितात लसावि-मसावि करताना मी तो किती वेळा लिहिला असेन! त्या रात्री मला झोप लागली नाही. जी भाषा परकी म्हणून मी घाबरत होते, तिचं नातं माझ्या सोलकढीच्या पाटीशी निघालं.

त्याच पाटीखाली इंग्रजीत ‘बेस्ट फिश इन मालवण’ असं होतं. तुम्ही विचारलंत, ‘मालवणातल्या सगळ्या खानावळींत जेवलंस काय गो?’ नव्हते जेवले. ती ओळ मी पुसली. आता तिथे ‘फ्रेश फिश’ एवढंच आहे, कारण तेवढं मला रोज पहाटे डोळ्यांनी दिसतं. पाहुणे किल्ल्यांचं विचारतात तेव्हाही ‘बिगेस्ट’ म्हणत नाही. सिंधुदुर्गाचं काम १६६४ साली सुरू झालं आणि विजयदुर्ग त्याआधीपासून उभा होता, म्हणून ‘विजयदुर्ग इज ओल्डर’ असं सांगते. ‘एल्डर’ नाही, तो घरातल्या माणसांसाठी, हेही तुमचंच. सिंधुदुर्गाला ‘वन ऑफ द फायनेस्ट सी फोर्ट्स’ म्हणते, आणि ‘फोर्ट्स’मधला शेवटचा एस विसरत नाही.

मागच्या आठवड्यात एका पाहुण्याने विचारलं, इंग्रजी कुठे शिकलात? मी तुमच्या बंद घराकडे बोट दाखवलं.

मे महिन्यात या. परसातल्या दोन्ही कलमांचे आंबे वेगवेगळ्या अढीत घालून ठेवते. कुठला ‘स्वीटर’ ते तुम्हीच सांगायचं. झाडं दोनच आहेत, तेव्हा ‘स्वीटेस्ट’ म्हणणार नाही.

तुमची,
खालच्या वाडीतली विद्यार्थिनी